डॉ. ब्यॉर्न इब्सेन : आयसीयूतील गुंगीच्या औषधाची पहिली गोष्ट

आमच्या देवळ्यासारख्या तालुक्याच्या गावी गंभीर रुग्ण आला की प्राथमिक उपचार करून त्याला मालेगावला किंवा नाशिकला पाठवावे लागते. दोन-तीन दिवसांनी नातेवाइकांचा फोन येतो आणि त्यात एक तक्रार जवळजवळ ठरलेली असते. नाना इथून निघाले तेव्हा बोलत होते, आता तिकडे त्यांना सारखे झोपेचे इंजेक्शन चालू आहे, हाक मारली तरी डोळे उघडत नाहीत, उठवत का नाहीत? कोणी आवाज खाली आणून याच्या पुढचेही विचारते, की आत काय चालले आहे ते आम्हाला कळू नये म्हणून तर झोपवून ठेवले नसेल ना.

प्रश्न रास्त आहे. आपला माणूस डोळ्यांसमोर असून बोलत नाही, हे सहन करणे अवघड असते. याचे उत्तर देताना मला दरवेळी एका डॅनिश डॉक्टरची गोष्ट आठवते. फोनवर ती पूर्ण सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितो आहे. जगातला पहिला आयसीयू सुरू करणारे म्हणून डॉ. ब्यॉर्न इब्सेन ओळखले जातात. श्वास कृत्रिमरीत्या चालवायचा आणि त्यासाठी रुग्णाला गुंगी द्यायची, ही जोडी त्यांच्याच हातून ऑपरेशन थिएटरच्या बाहेर आली.

थिएटरपुरता डॉक्टर

इब्सेन यांचा जन्म ३० ऑगस्ट १९१५ रोजी कोपनहेगनमध्ये झाला. १९४० साली ते डॉक्टर झाले, त्याच वर्षी जर्मन सैन्याने डेन्मार्क ताब्यात घेतला. सुरुवातीची काही वर्षे त्यांनी जटलंड भागातल्या एका लहान रुग्णालयात काढली. तिथे डॉक्टर मोजकेच, त्यामुळे एकाने ऑपरेशन करायचे आणि दुसऱ्याने भूल द्यायची. आपल्याकडे ग्रामीण रुग्णालयात काम केलेल्या डॉक्टरांना हे चित्र नवे नाही. भूल देणे ही स्वतंत्र विद्या आहे असे त्या काळी डेन्मार्कमध्ये फारसे कोणी मानत नव्हते. ते काम परिचारिका किंवा सर्वांत कनिष्ठ डॉक्टर करत.

१९४९ साली इब्सेन कुटुंबासह अमेरिकेत बोस्टनला गेले. तिथले मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल म्हणजे भूलशास्त्राचे माहेरघर. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी ईथर देऊन वेदनारहित शस्त्रक्रिया करता येते, हे तिथेच सर्वांसमोर दाखवले गेले होते. प्राध्यापक हेन्री बीचर यांच्या विभागात इब्सेन यांनी वर्षभर काम केले. तिथे त्यांना जे शिकायला मिळाले ते नुसते झोपवण्याचे तंत्र नव्हते. रुग्णाला झोपवले की त्याचा श्वास, रक्तदाब आणि रक्तातले वायू यांची जबाबदारी झोपवणाऱ्याची होते. औषध जितके खोल, तितका तो रुग्ण तुमच्या हातावर अवलंबून. फुफ्फुसांत हवा पोहोचते आहे का आणि आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आहे का, हे भूलतज्ज्ञाला मिनिटामिनिटाला पाहावे लागते.

१९५० मध्ये ते परतले आणि कोपनहेगनच्या शल्यचिकित्सकांबरोबर काम करू लागले. पण फिजिशियन लोकांच्या वॉर्डात भूलतज्ज्ञाचे काय काम, असाच सगळ्यांचा समज होता. दोन वर्षांनी तो समज बदलायला एक साथ कारण ठरली.

पोलिओचा उन्हाळा

१९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. आज तिशीच्या आतल्या वाचकांनी पोलिओचा नवा रुग्ण पाहिलेला नसेल. भारतात शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत सापडला. आपल्याला पोलिओ म्हटले की पायाचे अपंगत्व आठवते. पण काही रुग्णांमध्ये हा आजार श्वासाचे आणि गिळण्याचे स्नायूही निकामी करतो. छाती हलत नाही, लाळ गिळता येत नाही, आणि माणूस शुद्धीवर असताना स्वतःच्याच लाळेत गुदमरू लागतो.

शहरातले साथीचे रुग्णालय म्हणजे ब्लेगडॅम हॉस्पिटल. तिथे श्वासासाठी साधने किती होती? रुग्णाला मानेपर्यंत आत ठेवणारे एक लोखंडी फुफ्फुस आणि छातीवर बसवायची सहा कवचे. ही यंत्रे छाती बाहेरून ओढून हवा आत घेत. घशात लाळ आणि कफ साचलेला असेल तर त्यांचा काही उपयोग होत नसे. पहिल्या काही आठवड्यांत श्वास अडकलेल्या ३१ रुग्णांवर उपचार झाले आणि त्यांतले २७ दगावले, बहुतेक तीन दिवसांच्या आत. त्यांत मुलांची संख्या मोठी होती. साथ अजून वाढतच होती.

रुग्णालयाचे प्रमुख प्राध्यापक लासेन यांचे सहकारी डॉ. ब्यॉर्नेबो यांना इब्सेन आठवले. त्याच वर्षी धनुर्वात झालेल्या एका नवजात बाळाच्या उपचारात इब्सेन यांनी स्नायू सैल करणारे औषध दिले होते आणि बाळाचा श्वास हाताने पिशवी दाबून चालवला होता. ब्यॉर्नेबो यांनी आग्रह धरला, आणि २५ ऑगस्ट रोजी भूलतज्ज्ञाला साथीच्या रुग्णालयात सल्ल्यासाठी बोलावले गेले.

दगावलेल्या रुग्णांचे कागद आणि शवविच्छेदनाचे निष्कर्ष इब्सेन यांनी पाहिले. रक्तात कार्बन डायऑक्साइडशी निगडित घटक खूप वाढलेला होता. तिथल्या डॉक्टरांना तो विषाणूमुळे झालेला काहीतरी गूढ बिघाड वाटत होता. भूलतज्ज्ञाला तो ओळखीचा वाटला. ही मुले मेंदूच्या आजाराने मरत नाहीत, आतली हवा बाहेर पडत नाही म्हणून मरत आहेत, असा त्यांचा अंदाज होता. अंगाला घाम, वाढलेला रक्तदाब, मग बेशुद्धी, ही लक्षणे त्यांनी थिएटरमध्ये श्वास अपुरा पडल्यावर पाहिलेली होती. लासेन यांना हे लगेच पटले नाही, पण त्यांनी एका रुग्णावर प्रयत्न करण्याची परवानगी दिली. त्याचे श्रेय लासेन यांनाही द्यायला हवे. आपल्या विभागात दुसऱ्या शाखेचा तरुण डॉक्टर आणून त्याला हात घालू देणे आजही सोपे नसते.

व्हिवी

२७ ऑगस्ट १९५२. निवडलेला रुग्ण म्हणजे व्हिवी एबर्ट, वय १२ वर्षे. चारही हातपाय लुळे, ताप चढलेला, अंग घामाने चिंब, ओठ निळे पडलेले, घशात कफाची घरघर. ती काही तासांची सोबती आहे असेच सर्वांना दिसत होते.

फक्त गळ्यापुरती जागा बधिर करून पुढून छिद्र पाडण्यात आले आणि श्वासनलिकेत नळी बसवली गेली. या नळीभोवती छोटा फुगा असतो. तो फुगवला की लाळ खाली उतरत नाही आणि दिलेली हवा वर निसटत नाही. आज आपल्याकडच्या प्रत्येक आयसीयूत हीच रचना वापरतात. नळीला रबरी पिशवी जोडून इब्सेन यांनी हवा द्यायला सुरुवात केली आणि हवा आत जाईना. व्हिवी गुदमरत होती, जिवाच्या आकांताने झगडत होती, श्वासनलिका आकसल्या होत्या. ते पिशवी दाबत तेव्हा तिचे शरीर उलट जोर लावी. पाहायला जमलेल्या डॉक्टरांपैकी काहीजण प्रयोग फसला असे समजून खोलीबाहेर पडले.

त्या क्षणी इब्सेन यांनी पेंटोथाल नावाचे गुंगीचे औषध शिरेतून दिले, १०० मिलिग्रॅम. व्हिवीची धडपड थांबली, आणि तिचा उरलासुरला स्वतःचा श्वासही थांबला. ज्यांना भूलशास्त्र माहीत नव्हते त्यांना ती संपली असेच वाटले असणार. पण छाती सैल झाली होती. आता पिशवी दाबली की फुफ्फुसे फुगत होती. कफ ओढून काढता आला. रंग सुधारला, घाम थांबला, रक्तदाब जागेवर आला, मोजलेला कार्बन डायऑक्साइड उतरला. खात्री पटावी म्हणून इब्सेन यांनी तिला मध्येच छातीवरच्या कवचावर ठेवून दाखवले. कार्बन डायऑक्साइड पुन्हा चढला. पिशवी जोडली, तो पुन्हा उतरला. यानंतर कोणाला शंका राहिली नाही.

हा प्रसंग मी इतक्या तपशिलात सांगितला, कारण नातेवाइकांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर यातच आहे. नळी टाकलेला रुग्ण यंत्राच्या श्वासाविरुद्ध जोर लावतो, याला आम्ही व्हेंटिलेटरशी भांडणे म्हणतो. घशात परकी वस्तू, दम लागलेला, भीती, वेदना, कोणीही भांडेल. त्या भांडणात हवा आत जात नाही, ऑक्सिजन जास्त खर्च होतो, नळी ओढून काढली जाण्याचा धोका असतो. अशा वेळी गुंगीचे औषध उपचाराला वाट करून देते. मात्र ते आजार बरा करत नाही. व्हिवीचा पोलिओ पेंटोथालने गेला नाही. आणि ज्या औषधाने तिचा श्वास थांबला, ते औषध पिशवी दाबणारा हात शेजारी नसता तर तिच्या जिवावर बेतले असते. म्हणूनच ही इंजेक्शने घरी, साध्या वॉर्डात किंवा तयारी नसलेल्या दवाखान्यात चालवायची नसतात.

जागे रुग्ण आणि पिशवी दाबणारे विद्यार्थी

व्हेंटिलेटर यंत्रे तेव्हा हाताशी नव्हती. मग माणसे बोलावली गेली. वैद्यकीय महाविद्यालयांतले विद्यार्थी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी बसू लागले आणि हाताने रबरी पिशवी दाबू लागले, दिवसरात्र, महिनोन्‌महिने. साथ ओसरेपर्यंत सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी मिळून १,६५,००० तास हे काम केले. एका वेळी ७० रुग्णांचा श्वास असा माणसांच्या हातांवर चालू होता. मृत्यूचे प्रमाण ८७ टक्क्यांवरून शेवटी साधारण २५ टक्क्यांपर्यंत खाली आले.

सरकारी रुग्णालयात व्हेंटिलेटर मोकळा नसताना रात्रभर भावाची किंवा आईची पिशवी दाबत बसलेले लोक मी पाहिले आहेत. आमच्याकडून नाशिकला निघालेल्या अॅम्ब्युलन्समध्येही कोणीतरी ऐंशीएक किलोमीटर ती दाबत जातो. त्या पिशवीला आपण अंबू म्हणतो. तीही कोपनहेगनचीच. डॅनिश भूलतज्ज्ञ हेनिंग रुबेन आणि अभियंता होल्गर हेसे यांनी १९५० च्या दशकात ती तयार केली.

पण मला इथे दुसरी गोष्ट सांगायची आहे. कोपनहेगनचे हे रुग्ण बहुतेक जागे होते. नळीमुळे बोलता येत नव्हते, हात हलत नव्हते, तरी ते पाहत होते, ऐकत होते. विद्यार्थी त्यांना गोष्टी वाचून दाखवत, मुलांशी खेळत, डोळ्यांच्या हालचालींवरून काय हवे ते ओळखायला शिकले. पिशवी दाबणारा माणूस असल्यामुळे रुग्णाच्या लयीशी जुळवून घेता येत होते. जास्त हवा हवी आहे, थांबायला हवे आहे, हे त्याला चेहऱ्यावरून कळे. व्हिवीला पहिल्या दिवशी काही मिनिटांसाठी झोपवावे लागले. त्यानंतर ती जागी राहून जगली. पुढे ती घरी गेली. हातपाय परत आले नाहीत, श्वासासाठी यंत्र कायम लागले, पण आईच्या देखरेखीखाली ती आणखी बरीच वर्षे जगली. १९७१ साली तिचा मृत्यू झाला.

पहिला आयसीयू आणि धनुर्वाताचा धडा

साथ संपल्यावर इब्सेन यांच्या मनात एक साधा विचार आला. पोलिओ नसलेल्या रुग्णांचाही श्वास अडकतो: मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, विषबाधेत, धनुर्वातात, अपघातात. मग त्यांच्यासाठी अशी एक जागा का नसावी, जिथे नर्स सतत शेजारी असेल आणि भूलतज्ज्ञ चोवीस तास हाकेवर असेल? डिसेंबर १९५३ मध्ये कोपनहेगनच्या महापालिका रुग्णालयात असा विभाग सुरू झाला. जागा म्हणजे शिकाऊ परिचारिकांचा वर्ग, बाके हलवून खाटा टाकलेल्या. जगातला पहिला आयसीयू म्हणून हाच मानला जातो. इब्सेन यांनी पुढची अनेक वर्षे तिथेच काम केले.

धनुर्वातावर इब्सेन यांचे काम महत्त्वाचे आहे आणि आपल्या भागातल्या जुन्या लोकांना ते लवकर समजेल. विळ्याने किंवा गंजक्या पात्याने नाळ कापलेली बाळे, शेतात खिळा रुतलेले गडी. धनुर्वाताने अंग धनुष्यासारखे ताठणारे रुग्ण आपल्या आजी-आजोबांनी पाहिलेले असतात. दार वाजले, दिवा लागला, कोणी हात लावला, की झटका येतो. त्यात रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो, आणि वेदना भयंकर. इब्सेन यांनी अशा रुग्णांना स्नायू सैल करणारे औषध देऊन श्वास आपल्या ताब्यात घेण्याचा मार्ग स्वीकारला.

पण स्नायू सैल करणारे औषध आणि गुंगीचे औषध यांत फार मोठा फरक आहे. पहिले फक्त हालचाल बंद करते. रुग्ण निपचित दिसतो, पण आतून जागा असू शकतो, दुखणे त्याला कळत असते. म्हणून ते द्यायचे तर आधी आणि सोबत गुंगीचे, वेदनेचे औषध द्यावेच लागते. शांत पडलेला रुग्ण सुखात आहे असे धरून चालता येत नाही, हे आयसीयूतल्या प्रत्येक नव्या डॉक्टरला शिकवले जाते ते यामुळेच.

मग धनुर्वाताच्या रुग्णाला दोन-तीन आठवडे गुंगीत ठेवायचे कशाने? कोपनहेगनच्या डॉक्टरांनी थिएटरमध्ये वापरला जाणारा हास्यवायू, म्हणजे नायट्रस ऑक्साइड, काही रुग्णांना दिवसचे दिवस दिला. थिएटरमधल्या तास-दोन तासांत निरुपद्रवी ठरलेला हा वायू इतके दिवस दिल्यावर अस्थिमज्जेवर घाला घालतो, रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीला उतरतात, असे दिसून आले. लासेन आणि सहकाऱ्यांनी हा अनुभव १९५६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. आपले चुकलेले छापून सर्वांपुढे मांडले, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. तासाभरासाठी सुरक्षित असलेले औषध आठवडाभरासाठी सुरक्षित असेलच असे नाही, हे आयसीयूला तेव्हा प्रथम कळले.

महाराष्ट्रातही ही लढाई दीर्घकाळ चालली. मुंबईत डॉ. फारोख उडवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धनुर्वाताच्या १५० रुग्णांवरील अतिदक्षता उपचारांचा अनुभव १९८७ साली प्रसिद्ध केला. गरोदरपणातील लसीकरण आणि दवाखान्यातील बाळंतपणे यांमुळे २०१५ पर्यंत भारतातून माता आणि नवजात बालकांचा धनुर्वात जवळपास हटला. मोठ्या माणसांना मात्र तो अजूनही होतो. जखम झाल्यावर टीटीचे, आता टीडीचे, इंजेक्शन टाळू नका.

रुग्ण झोपत गेला

विद्यार्थ्यांच्या जागी यंत्रे आली. सुरुवातीची यंत्रे ठरलेल्या लयीत हवा ढकलत, रुग्णाला काय हवे ते त्यांना कळत नसे. मग रुग्णालाच यंत्राशी जुळवून घ्यायला लावणे सोपे होते, म्हणजे खोल झोपवणे. सलाइनसारखी थेंबाथेंबाने चालणारी औषधे आली, मिडाझोलम आली, प्रोपोफोल आली. व्हेंटिलेटर म्हणजे गाढ गुंगी, हे समीकरण अनेक दशके रूढ झाले. दयेपोटीच झाले, कोणालाही आपला रुग्ण तळमळताना पाहवत नाही. नातेवाइकांनाही शांत झोपलेला माणूस पाहून बरे वाटायचे.

याची किंमत हळूहळू लक्षात आली. औषध बंद केले तरी म्हातारा माणूस, किडनी किंवा लिव्हर कमजोर असलेला माणूस दोन-दोन दिवस जागा होत नाही, कारण औषध शरीरात साठलेले असते. रक्तदाब उतरतो. पडून राहून स्नायू झिजतात, इतके की व्हेंटिलेटर काढायची वेळ येते तेव्हा छातीत ताकद उरलेली नसते. आणि जाग आल्यावर अनेकांना भ्रम होतो: भिंतीवर माणसे दिसतात, बायको-मुलांवर संशय येतो, नर्स आपल्याला मारायला आली आहे असे वाटते. नातेवाइकांना वाटते डोक्यावर परिणाम झाला. हा भ्रम बहुतेक वेळा काही दिवसांत ओसरतो, पण गुंगी जितकी खोल आणि लांब, तितका त्याचा धोका जास्त.

२००० साली शिकागोच्या डॉक्टरांनी १२८ रुग्णांवर एक साधी गोष्ट तपासली. अर्ध्या रुग्णांचे गुंगीचे औषध रोज एकदा पूर्ण थांबवायचे, ते जागे होतात का पाहायचे, गरज असेल तरच पुन्हा कमी मात्रेत सुरू करायचे. त्या गटातल्या रुग्णांचा व्हेंटिलेटर साधारण ४.९ दिवसांत सुटला, दुसऱ्या गटाला ७.३ दिवस लागले. हातात नवे औषध नव्हते, फक्त रोज एक प्रश्न विचारला गेला होता.

इब्सेन हे सगळे पाहत म्हातारे झाले. ७ ऑगस्ट २००७ रोजी, ९२ वर्षे पूर्ण व्हायला काही दिवस बाकी असताना, त्यांचे निधन झाले. तीन वर्षांनी, २०१० मध्ये, त्यांच्याच देशातल्या ओडेन्स शहरातल्या आयसीयूने आपला अभ्यास मांडला. १४० रुग्णांपैकी अर्ध्यांना व्हेंटिलेटरवर असूनही सतत गुंगीचे औषध दिलेच नाही. गरजेप्रमाणे मॉर्फिन दिले आणि शेजारी माणूस बसवला. त्यांचा व्हेंटिलेटर लवकर सुटला. ब्लेगडॅममधल्या जाग्या मुलांची आठवण यावी असेच हे होते.

मात्र यावरून गुंगीचे औषध वाईट, असा अर्थ काढू नका. त्या अभ्यासात गुंगीविना ठेवलेल्या रुग्णांमध्ये अस्वस्थ होऊन भ्रमात जाणारे जास्त होते. २०२० मध्ये ७०० रुग्णांवर झालेल्या पुढच्या मोठ्या अभ्यासात, गुंगी न देता आणि हलकी गुंगी देऊन रोज जागे करता, मृत्यूच्या प्रमाणात खात्रीने सांगता येईल असा फरक दिसला नाही. शिवाय ओडेन्समध्ये एका रुग्णामागे एक नर्स होती. आपल्याकडे एका नर्सकडे दोन, तीन, कधी त्याहून जास्त रुग्ण असतात. जागा रुग्ण नळी ओढू लागला तर धावणारे कोणी हवे. आपल्याकडे गुंगी थोडी जास्त दिली जाते त्यामागे अनेकदा हे कारण असते, आणि ते मान्य करायला मला संकोच वाटत नाही.

फोनवर मी काय सांगतो

नानांना व्हेंटिलेटर लागला असेल तर पहिले एक-दोन दिवस गाढ गुंगी लागू शकते. फवारणीच्या औषधाची विषबाधा, डोक्याला मार, आकडी न थांबणे, फुफ्फुसे फार खराब असणे, अशा आजारांत त्याहून जास्त दिवसही. तेव्हा घाई करू नका. त्यानंतर मात्र डॉक्टरांना रोज शांतपणे विचारा: आज गुंगी किती खोल आहे, ती कमी करून पाहिली का, नाही तर कशामुळे नाही, आणि वेदनेचे औषध वेगळे चालू आहे ना. चांगल्या आयसीयूत गुंगीची पातळी मोजून लिहून ठेवतात, त्यामुळे या प्रश्नांचा कोणाला राग येण्याचे कारण नाही. औषध बंद करा असा हट्ट मात्र धरू नका. ते एकदम थांबवल्यानेही त्रास होतो.

काही माहिती तुमच्याकडेच असते आणि ती लाजेखातर दडवली जाते. नाना रोज दारू घेत होते का? झोपेच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू होत्या का? तंबाखू किती? दारू अचानक सुटल्यावर तिसऱ्या दिवशी हातपाय थरथरतात, माणूस बरळतो, आणि त्याला लागणारी औषधे व त्यांची मात्रा वेगळी असते. हे डॉक्टरांना एकांतात सांगा, पण सांगा. लिव्हर, किडनीचा जुना आजार, ऐकू कमी येणे, हेही.

हात बांधलेले दिसले तर धक्का बसतो. बहुतेक वेळा नळी ओढू नये म्हणून ते मऊ पट्ट्यांनी सैल बांधलेले असतात. कारण विचारा, आणि तुम्ही शेजारी असताना थोडा वेळ सोडता येतील का तेही विचारा. काही आयसीयू परवानगी देतात.

भेटीच्या पाच मिनिटांत फक्त पाहून परत येऊ नका. हात धरा, नाव घ्या, आज वार कोणता आणि आपण कुठे आहोत ते सांगा, कांद्याला काय भाव मिळाला ते सांगा. गुंगीत असलेल्यांना यातले किती पोहोचते हे प्रत्येकाचे वेगळे, पण हलक्या गुंगीत आवाज ओळखणारे अनेक असतात. रडणे आवरले नाही तर बाहेर या आणि पुन्हा आत जा. जाग आल्यावर नानांनी तुम्हाला ओळखले नाही, शिव्या दिल्या, तर वाद घालू नका. भ्रमातला माणूस तो खरा मानत असतो. हळू आवाजात पुन्हा सगळे सांगत राहा.

आणि उद्या नाशिकला जाताना त्यांचा चष्मा आणि कानाचे यंत्र बरोबर घेऊन जा. इथून निघताना ते घरीच राहिलेले असते.